बंपरला तडा गेलाय? आधी मागचा कोड वाचा

खामगाव असो की मेहकर, पार्किंगमध्ये बंपरला तडा गेला की आपण आधी फेविक्विक शोधतो. पण ते टिकत नाही. कारण बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे म्हणजे ‘पीपी’चे असतात आणि या प्लास्टिकला साधा गम धरतच नाही. ते वितळवूनच जोडावं लागतं.

1. फोनचा टॉर्च लावून बंपरच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. तिथे ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ असा कोड असतो. रॉड त्याच जातीचा घ्या.
2. बंपर धुवून वाळवा. तड्याच्या टोकाला 3 मिमीचं छिद्र पाडा, म्हणजे तो पुढे सरकणार नाही.
3. आतून स्टीलची जाळी ठेवून सोल्डरिंग आयर्नने दाबा, वर रॉड वितळवून भरा. पीपी साधारण 160 अंशांना वितळतं. धूर निघाला तर प्लास्टिक जळतंय, जोड कच्चा राहील.
4. पॉलिश पेपर, प्लास्टिक प्रायमर, मग रंग.

काम उघड्यावर आणि मास्क लावूनच करा.

महत्त्वाचं: बंपर हे फक्त कव्हर आहे. धक्का झेलतो तो मागचा बीम. तो वाकला असेल किंवा मागे रडार असेल, तर घरी प्रयोग नको, गाडी थेट वर्कशॉपला न्या.