पक्षाघाताची पूर्वसूचना आणि मानेतील रक्तवाहिनी

दर नोव्हेंबरमध्ये आमच्या बँकेत निवृत्तिवेतनधारकांची गर्दी होते. हयातीचा दाखला देण्यासाठी सारे येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी एक निवृत्त शिक्षक माझ्या काउंटरवर आले. जुनी ओळख. त्यांची सही इतकी वळणदार की पडताळून पाहण्याची गरजच पडू नये. त्या दिवशी मात्र सही वेडीवाकडी आली. "हात जड झालाय, पेन धरवत नाही," ते म्हणाले. बोलतानाही जीभ अडखळत होती. मी त्यांना बाकावर बसवले, पाणी दिले. पंधरा मिनिटांत हात पूर्ववत झाला आणि दुसरी सही तंतोतंत जुळली. "थंडीने झालं असेल, गुरुजी," मी म्हणालो. ते हसत घरी गेले.

नऊ दिवसांनी त्यांचा मुलगा आला. सही करता येत नसेल तर अंगठ्यावर पैसे कसे काढायचे, हे त्याला विचारायचे होते. गुरुजींच्या अंगावरून वारे गेले होते. उजवी बाजू लुळी पडली होती.

मी कला शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु त्या दोन सह्यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत काय घडले, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे कळले, ते आपल्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवत आहे.

मेंदूकडे जाणारा रस्ता

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. हे रक्त चार धमन्यांतून वर जाते. दोन मानेच्या मागील बाजूने जातात, तर दोन पुढील बाजूने, गळ्याच्या उजवीकडून व डावीकडून. पुढच्या दोन धमन्यांना कॅरोटिड म्हणतात. जबड्याखाली हलकेच बोट ठेवले की जी नाडी लागते, ती याच धमनीची.

जबड्याच्या कोनाखाली कॅरोटिडला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. या फाट्यापाशी रक्ताचा प्रवाह घोळतो आणि नेमके तिथेच धमनीच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर साचू लागतो. वाढते वय, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील जादा कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही त्याची मुख्य कारणे. वर्षानुवर्षे हा थर वाढत असतो, पण दुखत नाही, खुपत नाही.

आपल्याला वाटते की, नळाला कीट चढून पाणी बंद व्हावे तसा हा आजार असेल. प्रत्यक्षात धोका बहुधा वेगळ्या रीतीने येतो. साचलेल्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकतो. ज्या भागाचे रक्त थांबले, तो भाग काम थांबवतो.

कधी कधी तो तुकडा लहान असतो आणि काही मिनिटांत विरघळून जातो. रक्त पुन्हा वाहू लागते, हात हलू लागतो, बोलणे सुधारते. यालाच तात्पुरता किंवा लहान पक्षाघात म्हणतात. गुरुजींच्या पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मध्ये घडले ते हेच. तुकडा विरघळला, पण तो जिथून सुटला, ती जागा तशीच होती.

पूर्वसूचना कशी ओळखावी?

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी बाजू. बहुतेकांची वाचाही डाव्या भागात असते. म्हणून डाव्या कॅरोटिडचा आजार उजव्या हातापायात आणि बोलण्यात दिसतो. महात्मा जोतीराव फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला तेव्हा त्यांचा उजवा हात निकामी झाला होता. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून पूर्ण केले, हे आपण जाणतोच.

एकाएकी तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय जड अथवा बधिर होणे, शब्द न सुचणे किंवा बोबडे बोलणे ही मुख्य लक्षणे. आणखी एक लक्षण सहज दुर्लक्षित होते. एका डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा अंधार येतो आणि काही मिनिटांत जातो. असे झाल्यास दोष त्याच बाजूच्या कॅरोटिडमध्ये असू शकतो.

त्रास आपोआप थांबला म्हणून आजार गेला, असे नव्हे. मोठ्या पक्षाघाताचा धोका पुढच्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो.

उपचाराची वाटचाल

पक्षाघाताचे मूळ मानेत असू शकते, याकडे पूर्वी फारसे लक्ष जात नसे. कॅनडातील डॉ. मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये हा संबंध ठळकपणे मांडला. पुढे मे १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात एक ६६ वर्षांची गृहिणी दाखल झाली. पाच-सहा महिन्यांत तिला असे ३३ तात्पुरते झटके येऊन गेले होते. डॉ. ईस्टकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे शरीर थंड करून धमनीचा रोगट भाग कापून काढला व टोके पुन्हा जोडली. तिचे झटके थांबले.

शस्त्रक्रिया शक्य आहे हे ठरले. पण ती कोणाच्या हिताची, याचे पक्के उत्तर मिळायला आणखी बराच काळ लागला. उत्तर अमेरिकेतील मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. झटका येऊन गेलेला आहे आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झाली आहे, अशा रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या १०० जणांत २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ होते.

आज ही शस्त्रक्रिया अशी करतात : मानेवर छेद घेऊन धमनी उघडतात, आतील थर सोलून काढतात आणि बहुधा ठिगळ लावून ती शिवतात. दुसरा मार्ग स्टेंटचा. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी वर नेऊन अरुंद जागी जाळी बसवतात. कोणता मार्ग घ्यावा, हे वय, हृदयाची स्थिती आणि धमनीची रचना पाहून तज्ज्ञ ठरवतात. साधारणतः सत्तरीपुढील रुग्णांना शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरते.

दोन्ही उपायांत स्वतःचा धोका आहे. क्वचित उपचाराच्या वेळीच पक्षाघात होतो. म्हणून ज्याला कधीच त्रास झाला नाही, त्याच्याबाबत लाभ आणि धोका तोलूनच निर्णय घेतात. धमनी पूर्ण बंद झाली असेल तर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. गुठळी न होऊ देणारी गोळी, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन, रक्तदाब व साखर यांवर ताबा आणि तंबाखू-विडी-सिगारेट सोडणे हे मात्र प्रत्येक रुग्णाला आवश्यकच. शस्त्रक्रिया झाली तरी गोळ्या सुटत नाहीत.

वेळेचे महत्त्व

झटका येऊन गेल्यावर शस्त्रक्रिया करायची असेल तर ती दोन आठवड्यांच्या आत करण्याचा सर्वाधिक लाभ होतो. गुरुजींचे नऊ दिवस याच दोन आठवड्यांतले होते. त्यांची धमनी तपासली असती तर सारे टळलेच असते, असे मी म्हणू शकत नाही. पण तपासण्याची संधी होती आणि ती माझ्या काउंटरसमोरून निघून गेली.

म्हणून लक्षण दिसताच, ते गेले तरीही, त्याच दिवशी मेंदूचे सीटी स्कॅन होऊ शकेल अशा रुग्णालयात जावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मानेची डॉप्लर तपासणी सोनोग्राफीसारखीच, सुईविना होते. तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. लक्षणे टिकून असतील तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. घरच्या घरी अॅस्पिरिन देऊ नये, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती घातक ठरते. आणि कबुतराचे रक्त चोळण्यात किंवा उतारा टाकण्यात एक तासही घालवू नये. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शासकीय योजनेची चौकशी करावी.

विद्यार्थी मित्रांना एकच विनंती. घरातील आजी-आजोबांचा रक्तदाब शेवटचा कधी तपासला, हे आज घरी गेल्यावर विचारा, आणि वरील लक्षणे त्यांना समजावून सांगा.

गुरुजी आजही नोव्हेंबरमध्ये येतात, मुलाच्या आधाराने. ज्यांनी शेकडो मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेतले, ते माझ्यासमोर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवतात. आता एखाद्या वृद्ध खातेदाराची सही एकाएकी बिघडली तर मी दुसरी सही मागत नाही. सोबत कोण आहे, ते आधी विचारतो.