लांछनातले कासव आणि वेळासचा किनारा

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कासव. प्रतिमेच्या पादपीठावर कोरलेले हे इवलेसे चिन्ह मंदिरात मुलांना मोठ्यांच्या आधी सापडते. त्याच्याच समुद्रातील भाईबंदांना जिवंत पाहायचे, तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला जावे.

हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परतते. पूर्वी ही घरटी माणसे व कोल्हीकुत्री लुटत. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती अंडी कुंपणात जपण्यास आरंभ केला. सुमारे ५० दिवसांनी पिल्ले वर येतात आणि समुद्राच्या दिशेने सोडली जातात.

लाटेने एखादे पिल्लू मागे फेकले, की दोरीपलीकडच्या मुलाचा हात आपोआप पुढे होतो. तेथे त्याला थांबवले जाते. ते अंतर पिल्लाने स्वतःच कापायचे असते. हात आवरणे हीसुद्धा जीवदयाच. मोठ्यांना ती अधिक अवघड जाते. बाजारातून सोडवलेले गोड्या पाण्यातील कासव पुण्यबुद्धीने समुद्रात सोडले, तर ते खाऱ्या पाण्यात तगत नाही.

पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी समुद्री कासवाला जेलीफिश वाटते आणि ते ती गिळते. वेळासहून परतलेले मूल दुकानात गल्ल्याशेजारी टांगलेल्या पिशव्यांकडे बोट दाखवील, तेव्हा द्यायचे उत्तर वडिलांनी आधीच शोधून ठेवावे.