काढा की रस?

जोतिबाला वाहिलेला दवणा बोटांत चुरडला, की त्याचा वास बराच वेळ हाताला राहतो. दवण्याच्याच आर्टेमिसिया प्रजातीतली एक वनस्पती चीनमध्ये वाढते. पाने बारीक चिरलेली, फुले टाचणीच्या डोक्याएवढी, पिवळी. कूळ सूर्यफुलाचे, पण पाकळ्यांचा थाट नाही. तिथले वैद्य 'छिंगहाव' या नावाने ती तापावर देत आले आहेत.

१९६० नंतर आग्नेय आशियात हिवतापाचे परजीवी क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक हिवतापाने आजारी पडत होते. चीनने २३ मे १९६७ रोजी गुप्त संशोधन सुरू केले. तारखेवरून त्याचे नाव पडले '५२३'. बीजिंगच्या तू योयो १९६९ मध्ये त्यात आल्या. त्यांच्या गटाने जुने दोन हजार नुस्खे जमवले. छिंगहावचा अर्कही तपासला, पण त्याचा गुण कधी येई, कधी येत नसे.

चिनी वैद्यकात औषध बहुधा उकळून देतात. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पुस्तकात मात्र मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले आहे. उष्णतेने गुण जात असावा, असा तर्क तू योयो यांनी केला आणि ३५ अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर वापरले. अर्कातला आम्लधर्मी भाग काढून टाकला. ऑक्टोबर १९७१ मध्ये उरलेल्या भागाने उंदरांमधले सगळे परजीवी नाहीसे झाले.

गंमत अशी, की १९७२ मध्ये मिळालेले शुद्ध द्रव्य, आर्टेमिसिनिन, तसे नाजूक नाही. त्याचे स्फटिक दीडशे अंशांच्या वर वितळतात. पाण्यात मात्र ते जेमतेम विरघळते, ईथरमध्ये सहज. मग काम कशाने झाले, उष्णता टाळल्याने की द्रावक बदलल्याने? हे ठरवायला कोणते प्रयोग करावे लागतील, ते नववीच्या मुलांना विचारून पाहा. आम्हाला तरी हा प्रश्न त्या शोधाच्या गोष्टीइतकाच मोलाचा वाटतो.

या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात. परजीवी आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन खातो, तेव्हा लोहयुक्त हीम मोकळे होते. लोहामुळे ती जोडी तुटते आणि तयार झालेले क्रियाशील तुकडे परजीवीचीच प्रथिने निकामी करतात.

तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. म्हणून कोणी या पानांचा चहा प्यायला सांगितले, तर ऐकू नये. द्रव्याचे प्रमाण प्रत्येक झाडात वेगळे असते. अपुऱ्या मात्रेत परजीवी तगतात आणि औषधाला सरावतात. आर्टेमिसिनिनपासून केलेली औषधेही आज गोळ्यांत एकटी न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात, ती याच कारणाने.