बोट आहे, पण कामाचं नाही

आज हिशेबाच्या वहीचा विषय नाही. आज टक्क्यांबद्दल बोलायचंय, पण कर्जाच्या व्याजाचे टक्के नव्हेत. कारखान्यात अपघात होऊन हात-पाय अधू झाला की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, जे टक्के ठरवतं ते टक्के. ते कमी ठरले तर काय करायचं, हे मी आमच्या गटातल्या एका ताईच्या मागे फिरून शिकले.

आमचे गट घाटकोपरच्या असल्फ्यात आणि पुढे साकीनाक्याच्या चाळींमध्ये आहेत. इथल्या बायका गाळ्यांमध्ये आणि अंधेरीच्या एमआयडीसीत कामाला जातात. तुम्ही म्हणाल, मुंबईचं आम्हाला कशाला सांगतेस? पण तुमच्याही तालुक्याजवळ एमआयडीसी असेल, तिथे तुमच्या सुना-लेकी जात असतील. मुंबई-पुण्याला गेलेला मुलगा तर घरटी एक आहे. दहा किंवा जास्त कामगारांचा कारखाना आणि महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असेल, तर तो माणूस ईएसआयमध्ये येतो. पगाराच्या चिठ्ठीवर कापलेली रक्कम दिसते. ती चिठ्ठी एकदा नीट बघा.

आता ताईची गोष्ट. २०१७ च्या जुलैमध्ये पॉवर प्रेसवर तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं, पार मुळापासून. मधलं बोट वाचलं, पण शिरा तुटल्या होत्या. जखम भरल्यावर ते बोट काठीसारखं ताठ राहिलं. ना वाकतं, ना काही धरतं. जखम भरेपर्यंतच्या काळाचे पैसे तिला वेळेवर मिळाले, तिथे तक्रार नाही. कामावरच्या अपघाताला वर्गणी किती महिने भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो. कामावर जाता-येता झालेला अपघातही २०१० पासून यात धरतात, मात्र त्याचा कामाशी संबंध दिसायला हवा.

नंतर कायमच्या अधूपणासाठी तिला मेडिकल बोर्डासमोर बोलावलं. बोर्ड डॉक्टरांचं असतं. कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे ते ठरवतं. त्याला तेव्हा आधार होता ईएसआय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीचा. त्यात प्रत्येक अवयवाचा आकडाच लिहिलाय. अंगठा गेला तर ३० टक्के. अंगठ्याजवळचं पूर्ण बोट गेलं तर १४, मधलं पूर्ण गेलं तर १२. एकाच हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०. वाचताना अंगावर काटा येतो, बाजारभावाच्या फळ्यासारखं वाटतं. पण हा फळा माहीत असलेला बरा.

बोर्डाने ताईला १४ टक्के दिले. म्हणजे गेलेलं बोट मोजलं आणि ताठ झालेलं मोजलंच नाही.

पैशात बघा. पूर्ण अपंगत्वाचा दर असतो सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के. ताईची मजुरी सरासरी ४०० रुपये, तेव्हा पूर्ण दर ३६० रुपये. त्याचे १४ टक्के म्हणजे रोजचे ५० रुपये ४० पैसे. २० टक्के झाले असते तर ७२ रुपये. फरक रोजचा २१ रुपये ६० पैसे, महिन्याला साधारण साडेसहाशे. आणि हे पैसे जन्मभर मिळायचे असतात. ताईचं वय तेव्हा चौतीस होतं. करा गुणाकार.

बोर्डाचं पत्र आलं ते इंग्रजीत. ताईने ते देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं. सरकारी कागद आहे, जपून ठेवावा, एवढंच तिला कळलं. गटाच्या बैठकीत कुणीतरी हाताची चौकशी केली तेव्हा ते बाहेर आलं, आणि तोवर जवळजवळ दोन महिने उलटले होते. बोर्डाचा निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत अपील करायचं असतं. उशिराला सबळ कारण दाखवता येतं, पण त्या भरवशावर राहू नका. पत्र आलं की पाकीटसुद्धा ठेवा, त्यावर टपालाचा शिक्का असतो.

अपील कुठे करायचं? तेव्हा ईएसआय कायद्याचं कलम ५४-अ दोन वाटा देत होतं. एक मेडिकल अपील ट्रायब्युनल, म्हणजे वैद्यकीय अपील न्यायाधिकरण. तिथे न्यायखात्यातला अधिकारी बसतो आणि सल्ल्याला डॉक्टर असतात. तिथेही पटलं नाही तर पुढे कर्मचारी विमा न्यायालय. दुसरी वाट थेट विमा न्यायालयाची. तुमच्या भागात कोणती वाट चालू आहे ते ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा. वकिलाची फी कुठून आणायची म्हणून घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. शाखेच्या दारात "टक्के वाढवून देतो, निम्मे माझे" म्हणणारे भेटतात. आम्हालाही एक भेटला. त्याला चहासुद्धा पाजू नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती चुकली तर सगळंच संपतं. रोजचा दर अगदी थोडा ठरला तर महिन्याऐवजी एकरकमी पैसे मागता येतात. पण बोर्डाच्या निर्णयावर एकरकमीचा अर्ज केला आणि ते पैसे घेतले, की अपिलाचा हक्क जातो. दिवाळी तोंडावर असते, दुकानदार दारात उभा असतो, मोह होतो. टक्के पटले नसतील तर आधी अपिलाचं बघा.

आता आमची खरी चूक. वकील मॅडमनी कागद मागवले तेव्हा बोर्डाच्या टिपणात दिसलं की ताईनेच सांगितलं होतं, काम जमतं. मी तिला विचारलं, असं का गं बोललीस? ती म्हणाली, "डॉक्टर साहेबांनी विचारलं घरकाम होतं का. मी म्हटलं, होतं की. नाही म्हटलं तर बरं दिसतं का?" आपण सगळ्याच असं बोलतो. ताप असला तरी "बरं आहे", घरात पीठ नसलं तरी "चाललंय". शेजारणीला सांगायला ते ठीक आहे. पण बोर्डासमोर "होतं की" म्हटलं तर तेच लिहिलं जातं.

म्हणून सुनावणीआधी पंधरा दिवस गटाच्या सचिवाने ताईच्या घरी रोज संध्याकाळी बसून वहीत लिहिलं. आज काय केलं, काय जमलं नाही, कुणी करून दिलं. पिना लावणं लेकीकडे गेलंय. कपडे पिळायला शेजारीण येते. लाटणं धरलं की मधलं बोट वर उभं राहतं आणि सारखं कडेला आपटतं. पूर्वी घरी इमिटेशनचे मणी ओवून वरकमाई व्हायची, ती बंद. आणि सगळ्यात कामाचा कागद, कारखान्याने तिला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकल्याची चिठ्ठी, कमी मजुरीची. प्रश्न घरकामाचा नसून कमावण्याचा असतो, त्यामुळे मॅडमनी ती चिठ्ठी वर ठेवली. सोबत फिजिओथेरपीचे कागद आणि बोटाचा सांधा किती अंश वाकतो याचा डॉक्टरांचा दाखला जोडला.

कायद्याचा मुद्दा एवढाच होता. त्याच अनुसूचीत एक टीप आहे, की अवयवाचा उपयोग पूर्ण आणि कायमचा गेला असेल तर तो अवयवच गेला असं धरायचं. म्हणजे ताठ बोट हे तुटलेलं बोट. मग दोन बोटं गेली, आणि २० टक्के झाले.

सुनावणीला मी सोबत गेले, बाहेरच्या बाकावर बसले. आत ताईने सवयीने हात पदराखाली घेतला होता. मॅडमनी तो बाहेर काढायला सांगितला. सल्लागार डॉक्टरांनी बोट वाकवून पाहिलं, टेबलावरचं पेन उचलायला लावलं. साहेबांनी विचारलं, काय त्रास होतो? ताई आधी गप्प, मग वहीत होतं तेवढंच बोलली. एक शब्द वाढवला नाही. वाढवूही नये. डॉक्टरांचे डोळे रोज हेच बघतात, आणि तुमच्यासारखाच अपिलाचा हक्क ईएसआयलाही आहे.

निकाल यायला बरेच महिने गेले, मधे दोन तारखा पुढे ढकलल्या गेल्या. त्या दिवसांचे खाडे आणि रिक्षाभाडं गटाने अंतर्गत कर्जातून दिलं. २०१९ मध्ये २० टक्के मान्य झाले आणि मागचा फरक बँकेत आला. तिने आधी गटाचं कर्ज फेडलं.

ज्यांच्या घरी ईएसआय नाही, जन्मापासून किंवा आजाराने अधूपण आहे, त्यांचे टक्के वेगळे. ते जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर असतात, आणि तिथे बहुतेक योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात. ईएसआयला ही ४० ची अट नाही, म्हणून दोन्ही कागदांची गल्लत करू नका. त्या दाखल्यावरही दाद मागता येते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५९ त्यासाठीच आहे. दाखला नाकारला तर कारण लेखी मागून घ्या. त्याबद्दल एकदा सविस्तर बोलू.

आणि ईएसआयचे महिन्याचे पैसे सुरू झाले की हयातीचा दाखला वेळोवेळी द्यावा लागतो, नाहीतर पैसे थांबतात. ताईच्या दाखल्याची तारीख आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.