जड गोळी की हलकी? आधी नळीचा पीळ बघा

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. तेव्हापासून रेंजवर येणारी नवी पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात: "दादा, जड गोळी घेतली की ग्रुप छोटा येतो का?" उत्तर असं की, ते तुमच्या नळीवर अवलंबून आहे.

भोवरा आठवा. जोरात फिरतोय तोवर ताठ उभा, फिरकी कमी झाली की डुगडुगतो. गोळीचंही तसंच. रायफलच्या नळीत आतून स्क्रूच्या आट्यांसारख्या पिळदार खाचा असतात, त्या गोळीला फिरवतात. किती इंचात एक पूर्ण फेरा, तो ट्विस्ट रेट. 1:16 म्हणजे 16 इंचात एक फेरा. दुसरा आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट.

50 मीटरच्या .22 रायफलमध्ये साधारणपणे 1:16 चा पीळ आणि 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची गोळी असते. वेग सेकंदाला 330 मीटर धरला, तर ती गोळी सेकंदाला 800 हून जास्त वेळा फिरते!

आता खरी मेख. पीळ ठरतो तो मुळात लांबीवर, वजनावर नाही. नळीचा व्यास ठरलेला, म्हणून गोळी जड करायची तर लांब करावी लागते आणि लांब गोळीला फिरकी जास्त लागते. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी आणखी लांब होते.

1879 मध्ये ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञानं सोपं सूत्र दिलं: 150 गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी. सगळं इंचात. वेगवान गोळीला 150 ऐवजी 180 घेतात. व्यास 0.224, लांबी 0.75 असेल तर उत्तर येतं साधारण 12.

अमेरिकेच्या एम-16 चा इतिहास हेच सांगतो. 55 ग्रेनच्या गोळीला आधी 1:14 चा पीळ होता. थंड, दाट हवेत तो कमी पडला, मग 1:12 केला. पुढे 62 ग्रेनची गोळी आणि तिच्याहून लांब ट्रेसर आली, तेव्हा एम-16ए2 ला थेट 1:7!

पीळ कमी पडला की गोळी आडवी होते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं. याला 'कीहोल' म्हणतात. .22 मध्ये 60 ग्रेनची गोळी 1:16 च्या नळीतून मारली की हे होऊ शकतं. उलट पीळ थोडा जास्त असला तर फारसं बिघडत नाही. पण पातळ आवरणाची वेगवान गोळी अतिघट्ट पिळानं हवेतच फुटू शकते.

तुमच्या नळीचा पीळ माहीत नाही? रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. सहज फिरणाऱ्या क्लीनिंग रॉडला घट्ट बसणारं फडकं लावा, रॉडवर खूण करा आणि आत सरकवा. खूण एक फेरा पूर्ण करेपर्यंत रॉड किती इंच गेला, ते मोजा. झालं!

महागडी काडतुसं घेण्याआधी एवढं करा. मग दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांचे पाच-पाच शॉट मारून ग्रुप बघा. शेवटचा निकाल कागदच देतो.

भेटू पुढच्या भागात!