गाडीचा एसी तापल्यावर बंद पडतो? आधी क्लच पाहा

एप्रिल-मे महिन्यांत नगर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी गार हवा देत नगरहून निघालेल्या गाडीचा एसी राहुरी येईपर्यंत गरम हवा फेकू लागतो आणि शिर्डीत गाडी तासभर उभी राहिली, की पुन्हा आपोआप चालू होतो. हा प्रकार अनेकांच्या परिचयाचा असेल. गॅरेजमध्ये निदान होते, 'कॉम्प्रेसर गेला'. संपूर्ण कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे खर्च हजारोंच्या घरात. मात्र थंड असताना चालणारा आणि तापल्यावर बंद पडणारा एसी हे लक्षण पुष्कळदा कॉम्प्रेसरचे नसते. त्याच्या तोंडाशी बसविलेल्या विद्युतचुंबकीय क्लचचे असते.

या क्लचचे भाग तीनच : बेल्टवर सतत फिरणारी पुली, तिच्यामागे स्थिर बसविलेली तांब्याच्या तारेची कॉइल आणि पुढे कॉम्प्रेसरच्या दांड्यावर बसविलेली लोखंडी तबकडी. एसीचे बटण दाबले, की कॉइलला १२ व्होल्टचा प्रवाह मिळतो, चुंबकत्व निर्माण होते, तबकडी पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. तबकडी व पुली यांच्यातील फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा.

दिवसातून शेकडो वेळा चिकटून सुटल्यामुळे दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि फट वाढते. ढोबळमानाने फट दुप्पट झाली, की चुंबकाची ओढ चौथाईवर येते. त्यात इंजिनाची उष्णता! कॉइलचे तापमान साठ-सत्तर अंशांनी वाढले, की तांब्याचा रोध सुमारे पाव पटीने वाढतो, प्रवाह तेवढ्या प्रमाणात घटतो आणि ओढ जेमतेम दोन तृतीयांश उरते. सकाळी कशीबशी चिकटणारी तबकडी दुपारी चिकटत नाही, त्याचे कारण हे.

दोष ओळखण्यासाठी इंजिन व एसी चालू करून, हात दूर ठेवून, कॉम्प्रेसरच्या पुढील तबकडीकडे पाहावे. पुली फिरते आणि तबकडी स्थिर राहते, तर क्लच लागत नाही. मग कॉइलच्या जोडणीपर्यंत १२ व्होल्ट पोहोचतात का, ते मल्टिमीटरने पाहावे. पोहोचत नसतील तर दोष फ्यूज, रिले किंवा गॅसचा दाब कमी झाल्याचा आहे. क्लचला हात लावण्याचे कारण नाही. पोहोचत असतील तर इंजिन बंद करून कॉइलचा रोध मोजावा. तो बहुतेक गाड्यांत ३ ते ५ ओहम असतो. मीटरने अनंत रोध दाखविला तर कॉइल जळाली असे समजावे.

रोध ठीक असेल तर प्रश्न फटीचा. इंजिन पूर्ण निवू द्यावे, बॅटरीची ऋण वायर काढावी आणि फीलर गेजने फट तीन-चार ठिकाणी मोजावी. (वाहन संशोधनासाठी व्हीआरडीईमुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या या शहरात फीलर गेज मिळणे अवघड नसावे.) मधला बोल्ट काढून तबकडी बाहेर ओढली, की दांड्यावर पातळ वायसर, म्हणजे शिम दिसतात. त्यातील एक पातळ शिम काढून तबकडी परत बसवावी व पुन्हा मोजावे. फट फारच कमी झाली तर एसी बंद असतानाही तबकडी घासत राहते, म्हणून घाई नको. घासणाऱ्या पृष्ठभागांवर ग्रीस वा तेल लागता कामा नये. काढायला शिमच उरले नसतील, तर तबकडी बदलणे भाग आहे.

या कामात गॅसच्या नळीला स्पर्श करावा लागत नाही, हे महत्त्वाचे. क्लच हा गॅसच्या बंदिस्त मार्गाबाहेर असतो. नळी मात्र कधीही सैल करू नये. बाहेर उडणारा द्रवरूप गॅस त्वचा व डोळे गोठवू शकतो. शिवाय आर-१३४ए वायूचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतोच, आणि विजेवरील गाडीच्या उच्चदाबाच्या कॉम्प्रेसरला घरी हात लावूच नये.

राहिला आवाजाचा प्रश्न. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. एसी लावल्यावरच येत असेल तर दोष खरोखर कॉम्प्रेसरच्या आत असण्याचा संभव अधिक, आणि तेव्हा गॅरेज गाठावे.