राख, रिठा आणि लोणारचा खार

मुलांनो, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत एक मोठा पट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, कपाशी-तूर जोमात. पण विहीर खणली की पाणी लागतं खारट! हाच आपला खारपाणपट्टा. आठशे-नऊशे गावं त्यात येतात. इथल्या पिण्याच्या पाण्याचे हाल सगळ्यांना ठाऊक आहेत. धुण्याचे हाल मात्र कोणी सांगत नाही. घरातली चार माणसं वावरातून मातीचे कपडे घेऊन येतात, साबणाची वडी बघता बघता झिजते, आणि शाळेचा पांढरा सदरा दिवाळीपर्यंत राखाडी होऊन बसतो. मग वर्गात कोणीतरी चिडवतं. खरं तर त्यात ना त्या मुलाचा दोष, ना त्याच्या आईचा.

दोष कुणाचा, हे आमच्या वर्गाने दोन बाटल्यांत शोधलं. तुम्हीही शोधा. एका बाटलीत पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्ही अर्ध्या भरा. साबणाच्या वडीचा चुरा थोड्या कोमट पाण्यात विरघळवून त्याचे थेंब मोजून टाका आणि बाटली हलवा. पावसाच्या पाण्यात चार-पाच थेंबांतच फेस वर आला. बोअरच्या पाण्यात वीस थेंब झाले, तरी नुसता पांढरा चोथा तरंगत राहिला. "सर, साबन तं फाटला न जी!" एक मुलगी ओरडली. अगदी बरोबर शब्द! दूध नासावं तसा साबण नासतो.

असं का होतं? जमिनीतून येताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. साबण आधी त्यांनाच चिकटतो आणि न विरघळणारा चोथा तयार होतो. तो कपड्याच्या धाग्यांत बसतो, म्हणून कपडा राखाडी आणि कडक. पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटलं आहे. पाण्यात मीठ जास्त असेल तरीही साबण नीट विरघळत नाही. आपल्याकडे बऱ्याच गावांत दोन्ही दुखणी एकदम!

पहिल्या दुखण्यावर औषध आहे धुण्याचा सोडा. तो क्षारांना धरून खाली बसवतो आणि साबण मोकळा राहतो. पण क्रम चुकवायचा नाही. बादलीभर पाण्यात दोन चमचे सोडा आधी घाला, दहा मिनिटं थांबा, मगच साबण. बहुतेक घरी साबण आधी लावतात आणि सोडा मागून, तेव्हा साबण फाटून झालेला असतो.

हा सोडा कारखान्यातून येण्याआधी कुठून येत होता, ठाऊक आहे? आपल्याच वऱ्हाडातून! बुलडाणा जिल्ह्यात उल्का आदळून झालेलं लोणारचं सरोवर आहे ना, त्याच्या पाण्यात सोड्याचे क्षार आहेत. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाला खार जमायचा आणि लोक तो गोळा करायचे. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी' लिहिलं. लोणारच्या परिसरात काच आणि साबण करण्याचं सामान मिळतं, असं त्यात नोंदवलेलं आहे. आता सरोवर अभयारण्य आहे, २०२० मध्ये ते रामसर यादीतही गेलं. तेव्हा सहलीला गेलात तर खार खिशात घालून आणायचा नाही, बरं का!

लोणार जवळ नाही, त्यांच्यासाठी चूल होती. लाकडाच्या, पऱ्हाटीच्या राखेत सोड्याचाच भाऊ असतो, पोटॅशियम कार्बोनेट. राख चाळायची, पाण्यात भिजवायची, रात्रभर ठेवून वरची निवळी घ्यायची. परीट मंडळींना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा याच परीट समाजातले. युरोपातही साबणवाले राखेवरच अवलंबून होते. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये निकोलस लेब्लांकने मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे राखेची सद्दी संपू लागली.

आता घरची पावडर. धुण्याच्या साबणाची वडी किसून सावलीत वाळवा. एक वाटी कीस, एक वाटी धुण्याचा सोडा, मिसळा, झाकणाच्या डब्यात ठेवा. झालं! दुकानात सोडा नाही मिळाला तर? मग खाण्याचा सोडा लोखंडी तव्यावर भाजायचा. हे काम आईने किंवा बाबांनी करायचं, तुम्ही लांबून बघायचं. सोडा उकळल्यासारखा उडू लागतो, कारण वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. उडणं थांबलं की धुण्याचा सोडा तयार. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरतात, म्हणजे हे महागच पडतं. पण विज्ञान म्हणून एकदा बघण्यासारखं आहे. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, सोडा त्याला खातो. आणि दुकानदाराकडे नुसता "सोडा" मागू नका. कॉस्टिक सोडा हातात आला तर कातडी भाजेल, डोळा जाईल. तो घरात नकोच.

खरं सांगायचं तर ही पावडर म्हणजे साबणच, डिटर्जंट नव्हे. धुण्याच्या यंत्रात ती घालू नका, चोथा साचतो. खरं डिटर्जंट जन्मलं तेही टंचाईतूनच. पहिल्या महायुद्धात जर्मनीत साबणापुरती चरबी मिळेना, म्हणून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी दुसरं द्रव्य शोधलं. आणि १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी घरीच पावडर कालवून सायकलवरून दारोदार विकली. तीच पुढे निरमा झाली.

पाणी फारच खारट असेल तर मात्र सोडाही हात टेकतो. तिथे रिठा! त्याच्या सालीतलं सॅपोनिन क्षारांशी भांडत नाही, म्हणून फाटतही नाही. दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळून चोळा आणि गाळा. दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर आंबतं. आजीचं रेशमी लुगडं, लोकरीचा स्वेटर यांना हेच बरं. सोडा आणि राख त्यांचे धागे खातात. रिठा नसेल तर हिंगणबेटाच्या फळाचा गरही फेस देतो. फेस कमी दिसतो म्हणून जास्त ओतू नका, मळ निघण्याचा फेसाशी फारसा संबंध नाही. डोळे मात्र सांभाळा, रिठा फार झोंबतो.

उरलेलं रिठ्याचं पाणी नाल्यात किंवा तळ्यात ओतू नका, माशांना ते विष आहे. कपाशीखालच्या मोकळ्या मातीत ओतलं तर चालेल. सोड्याचं पाणी मात्र परसातल्या झाडांना अजिबात नको. आपल्या जमिनीत सोडियम आधीच भरपूर आहे, आणखी मिळालं की माती दगडासारखी घट्ट होते.